गाडीला दोन ड्रायव्हर

१४ एप्रिल २०२०, मंगळवार

लॉकडाऊन तीन मेपर्यंत वाढला. टीव्हीवर ऐकलं आणि आई म्हणाली, "आता या पोरीला घरात कोंडून कसं ठेवावं?" मला कोंडायची गरजच नाही, मी दिवसभर शेतातल्या शेडमध्ये असते. आमच्या रेशमाच्या अळ्या परवाच जाळ्यांवर चढल्या. आता त्या स्वतःभोवती कोष विणतायत. रात्रंदिवस तुतीचा पाला खाणाऱ्या अळ्या एकदम गप्प झाल्यात, शेडमध्ये गेलं की चुकल्यासारखं होतं.

गावात रेशीम करणारी नऊ घरं आहेत, आणि अंडीपुंज सगळ्यांनी एकदमच आणलेले. त्यामुळे नऊही घरांचे कोष एकाच दिवशी तयार होणार. गोम अशी की त्यानंतर आठवडाभरात आतला पतंग कोष फोडून बाहेर पडतो. फुटक्या कोषाचा धागा निघत नाही, कुणी फुकटही घेत नाही. आणि जालन्याचं कोष मार्केट पुढचा आदेश येईपर्यंत बंद आहे.

आमच्या गटाचे अध्यक्ष काकासाहेब सकाळपासून फोनला चिकटलेत. सारखे म्हणतात, "सरकारनं माणसं थांबवली, पण पतंगाला कोन सांगनार?" संध्याकाळी कळलं की कर्नाटकात रामनगरचं मार्केट सुरू आहे. ते बंगळुरूच्याही पलीकडे, इथून पावणेनऊशे किलोमीटर. मधे आठ-दहा जिल्ह्यांच्या सीमा आणि एक राज्याची, सगळ्या बंद.

१६ एप्रिल, गुरुवार

आज मी नाचले. खरंच नाचले, शेडमध्ये, एकटीच.

झालं असं. माझ्या वडिलांची, आप्पांची, पिकअप आहे, जालन्याचं मार्केट निघायच्या आधी ते रामनगरला बारा-पंधरा वेळा जाऊन आलेत. पण त्यांचं लायसन अकरा फेब्रुवारीला संपलं. मी कधीची मागे लागले होते, अंबडच्या कॅम्पला जाऊन नवं करा. रोज नवीन कारण. आज गर्दी आहे, उद्या फवारणी आहे. आज ते तहसीलमध्ये चौकशीला निघाले तर मला म्हणाले, "चालव तू, तेवढाच सराव." दारात फक्त एकालाच आत सोडत होते, म्हणून मी गाडीतच बसले. अर्ध्या तासाने हसत बाहेर आले.

एक, मालाच्या गाडीला पास लागत नाही. दोन, एक फेब्रुवारीनंतर संपलेली सगळी कागदपत्रं तीस जूनपर्यंत चालणार. कॅम्प नाही, फॉर्म नाही, रांग नाही! आळशी माणसाला देव पावतो तो असा. आणि तीन, हे सगळ्यात भारी, लांबच्या गाडीला दोन ड्रायव्हर पाहिजेत.

"सरकारनंच सांगितलंय. दुसरी तू," आप्पा म्हणाले.

काकासाहेबांना हे पटेना. पारावर लांब लांब बसून बैठक झाली तेव्हा म्हणाले, "मच्छिंद्रा, गावात काय ड्रायव्हर मेले का? पोरीला कुठं कर्नाटकात घेऊन जातो?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "ज्याच्यापाशी लायसन हाय त्यानं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. गावात पन्नास जण ट्रॅक्टर, जीप, काय वाट्टेल ते हाकतात, पण लायसन काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मी मागच्या वर्षी पोलीस भरतीच्या चालक पदासाठी काढलं होतं. भरती निघालीच नाही, लायसन मात्र आज उपयोगाला आलं.

१८ एप्रिल, शनिवार

कोष काढले. हात अजून चुणचुणतायत.

आमच्या शेडवर आठ-दहा जणी तोंडाला पदर बांधून निवडायला बसलो. डागाळलेले एकीकडे, पोचट एकीकडे, चांगले पांढरे एकीकडे. तुळजाबाईंची ही पहिलीच बॅच. नवरा गेल्यावर दोन एकर कापूस मोडून तुती लावली, तेव्हा भावकी हसली होती. त्या एकेक कोष असा ठेवत होत्या की जणू अंडंच. मला म्हणाल्या, "नंदे, सांभाळून ने गं. हे फुटलं तर लोक म्हनतेल, सांगितलं होतं." मी म्हणाले, "मावशी, मी आहे ना." माझा आत्मविश्वास बघून त्यांना आणखीच घाम फुटला असावा.

आप्पांची निवडायची तऱ्हा वेगळीच. कोषाकडे बघतसुद्धा नाहीत. बोटांनी दाबतात, कानाशी नेऊन हलवतात, आतला किडा खुळखुळला की चांगला. इतक्या वर्षांचा हात! पण डागाळलेले दहा-पंधरा कोष त्यांच्या चांगल्यांच्या ढिगात निघाले. मी चिडवलं, "आप्पा, तुमच्या ढिगात काळे-पांढरे एकाच पंगतीला बसलेत." ते एकदम उठून बाहेर गेले. आईने माझ्याकडे डोळे वटारले. एवढं काय लागलं त्यांना, कळलं नाही.

२० एप्रिल, सोमवार. सकाळी साडेनऊ, बीडच्या पुढे

निघालो! कडुलिंबाखाली गाडी लावलीय, आप्पा भाकरी खातायत आणि मी लिहितेय. मागे सातशे किलो कोष, जाळीच्या पिशव्यांत सैल भरलेले. दाबायचे नाहीत, भिजवायचे नाहीत, उन्हात उभे करायचे नाहीत. चालत्या गाडीला वारा लागतो म्हणून फार थांबायचं नाही.

पहाटे आईने ओवाळलं. काकासाहेब मास्क लावून लांबून सूचना देत होते, उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तुळजाबाईंनी नुसता गाडीला हात लावला.

पहिली पाळी आप्पांची. ते म्हणाले, "नंदे, बोर्ड वाचत चल. तोंड चालू राह्यलं की ड्रायव्हरला झोप येत न्हाई." मला तर तेच हवं होतं. मी जे दिसेल ते वाचत सुटले. गावांची नावं, किलोमीटरचे दगड, बंद दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या सिमेंटच्या जाहिराती. गोठ्यातून सुटलेल्या वासरासारखं झालं होतं मला. बैल दिसला तर बैल म्हणायचं, खड्डा दिसला तर खड्डा. आप्पा "हं, हं" करत होते. या रस्त्याचा गतिरोधकन् गतिरोधक त्यांना पाठ आहे, बोर्ड यायच्या आधीच गाडी हळू करतात.

शहागडला गोदावरीच्या पुलावर जिल्ह्याची सीमा. मी ओरडले, "आप्पा, समोर बॅरिकेड, दोन पोलीस, एक ड्रम, डावीकडून वाट!" जणू मीच बंदोबस्ताला होते. आप्पांनी बरोबर नेऊन थांबवली. पोलिसाने कागद मागितले, म्हणून मी डॅशबोर्ड उघडला. आतून लायसनच्या कॅम्पचा फॉर्म बाहेर पडला. आप्पांनी सगळा भरून घेतलेला, फक्त डॉक्टरच्या तपासणीचं पान कोरं. एवढं एक पान राहिलं म्हणून दोन महिने लायसन अडलं! घरी गेल्यावर आईला सांगणार आहे.

पोलीस म्हणाला, "दुसरा ड्रायव्हर कुठंय?"

मी म्हणाले, "मी."

त्याने लायसन बघितलं, मला बघितलं, परत लायसन बघितलं. "जा ताई," म्हणाला. ताई! शहागडचा पूल ओलांडताना मला गोदावरीत उडी मारावीशी वाटत होती, इतका आनंद.

२१ एप्रिल, मंगळवार. सकाळी, विजापूरच्या खूप पुढे एका पेट्रोल पंपावर

काल दुपारी जे झालं ते लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल.

सोलापूर सोडलं. रस्ता सरळ, मोकळा, ऊन असं की डांबर चकाकत होतं. मी डबा उघडून आप्पांसाठी शेंगदाण्याची चटणी भाकरीवर घेत होते, म्हणून पाच मिनिटं तोंड बंद होतं. मान वर केली तर भीमेचा पूल जवळ आलेला, रस्त्यावर लाल-पांढरी बॅरिकेड आडवी, तिच्यापुढे एक पोलीस हात वर करून उभा आणि आपली गाडी साठच्या वेगात सरळ त्याच्यावर.

"आप्पा, ब्रेक!"

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी फरफटत ड्रमला टेकून थांबली. पोलीस बाजूला उडी मारून पडला होता. भाकरी काचेवर.

तो उठला आणि असा बोलला की इथे लिहिता येत नाही. "हत्तीएवढं बॅरिकेड दिसत न्हाई का?" आप्पांनी इंजिन बंद केलं. ते नुसतं म्हणाले, "साहेब, मागं आलो तवा इथं काहीच नव्हतं." मी मधे पडले, हात जोडले, पहाटेपासून चालवतायत, डुलकी लागली, म्हणाले. पोलीस म्हणाला, "मग दुसरा ड्रायव्हर कशाला आणलाय, शोभेला? तशी दोन ड्रायव्हरांची सक्ती नाही. परवानगी आहे." मला नवलच वाटलं. आप्पांनी तहसीलात अर्धवटच ऐकलं वाटतं. पण म्हटलं, माझा फायदाच झाला.

पुलापलीकडे कर्नाटकाचा नाका. तिथे एक जण पाठीवर पंप घेऊन येईल त्या गाडीवर औषध फवारत होता. आमच्या मागच्या बाजूला वळला आणि मी दारातून उडीच मारली. "भैया, रुको! इसमें जान है!"

"जान? जनावर है क्या?" पोलीस पुढे आला.

कोषावर ते पाणी पडलं की सगळा माल डागाळला असता. मी एक पिशवी सोडली, कोष काढला, सॅनिटायझर लावलेल्या त्याच्या हातावर ठेवला. "कान को लगाओ. हिलाओ." मिशीवाला, पोटाचा घेर सुटलेला तो हवालदार भर रस्त्यात कोष कानाशी धरून हलवत उभा राहिला. आत खुळखुळलं. त्याने दुसऱ्या हवालदाराला बोलावलं, मग फवारणीवाल्याला. तिघांनी ऐकलं. "अंदर क्या करता है?" "नींद लेता है. परसों उठेगा. उसके पहले रामनगर पहुँचना है." तिघेही हसले. फक्त टायरांवर फवारा मारला, आमच्या कपाळाला तापमापक लावला आणि सोडलं. मिशीवाल्याने कोष परत दिला नाही, खिशात ठेवला. उद्या-परवा त्याच्या खिशातून पतंग निघेल तेव्हा बायको काय म्हणेल!

तिथून गाडी माझ्याकडे. आप्पा स्वतःहून खाली उतरले, फिरून माझ्या बाजूला आले आणि चावी माझ्या हातात दिली. पुढे एकदाही मागितली नाही. बहुतेक झोपेची लाज वाटली असेल. मी मात्र हवेत! वर कानडी, खाली इंग्रजी, असे बोर्ड मी चालवता चालवताही मोठ्याने वाचत होते, सवयच लागली. आप्पा मधेच म्हणाले, "बराबर चालवती तू." आप्पांच्या तोंडून एवढं म्हणजे जालन्याला पाऊस.

२२ एप्रिल, बुधवार. रामनगर

पोहोचलो, माल उतरवला, एकही कोष फुटला नाही. हे आधी लिहून टाकते.

आता दुसरं.

मार्केटमध्ये मोठा हॉल आहे. लांबच लांब ट्रे, त्यांत कोष ओतायचे, ट्रेला नंबर. सध्या थोड्याच लोकांना आत घेतात, अंतर ठेवून उभं करतात. पुढच्या भिंतीवर लाल अक्षरांचा बोर्ड, एकेक आकडा माझ्या हाताएवढा. ज्याचा लिलाव चालू त्याचा नंबर तिथे पेटतो. आमचा एकशे सात. मी नुसती बघत होते. एकशे पाच, एकशे सहा. एकशे सात पेटला आणि माझ्या अंगावर काटा आला. वाचून दाखवायचंही सुचलं नाही.

आप्पा शेजारी उभे, तोंड बोर्डाकडे, डोळे उघडे. ते म्हणाले, "नंदे, आपला नंबर लागला का गं?"

मला वाटलं चेष्टा करतायत. मग मी त्यांच्याकडे बघितलं. ते बोर्डाकडेच बघत होते.

मग सगळं एकामागून एक आठवलं. डागाळलेले कोष. डॉक्टरचं कोरं पान. नसलेली दोन ड्रायव्हरांची सक्ती. भीमेच्या पुलावरचा पोलीस. या माणसाने नऊ घरांचे कोष आणि मला घेऊन बीड, तुळजापूर, सोलापूर पाठांतरावर पार केलं होतं. पाठ असलेल्या रस्त्यावर सरकारने नवी बॅरिकेड उभी केली, तेवढंच त्यांना माहीत नव्हतं. मला राग आला. खूप आला. तो पोलीस मेला असता. मी मेले असते. आणि मी गाढव, त्यांना आळशी म्हणत होते.

"लागला," मी म्हणाले. "चांगला लागला."

बाहेर चिंचेखाली बसलो तेव्हा विचारलं, "आप्पा, कधीपासून?"

ते म्हणाले, "दोन वर्सं झाले. आधी डावा. धुकं पडल्यावानी दिसायलं. मंग उजवा बी. उन्हात तर बिलकुल न्हाई." मग म्हणाले, "पन तुला ठाव होतं म्हनून तर जमलं. माणूस, ढोर, खड्डा, समदं वाचून दाखवत आली. बापाला एका शब्दानं लाजवलं न्हाई. मला लई बरं वाटलं."

मला काही ठाव नव्हतं. मी हौसेने ओरडत होते. मला कर्नाटक बघायचं होतं आणि पोलिसांनी ताई म्हणायला हवं होतं. माझी हौस आणि त्यांचे डोळे योगायोगाने एका गाडीत बसले, म्हणून आम्ही जिवंत आहोत.

"हो," मी म्हणाले. "मला माहीत होतं."

माझा सगळा राग त्या चार शब्दांत गेला. घरी कुणाला सांगू नको, असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. "तुझी आई गाडी इकायला लावील. गाडीबिगर मी काय करू?" मी वचन दिलं. चूक केली की बरोबर, कळत नाही. कोषांचं काम फत्ते झालं तरी आनंद पूर्ण होत नाहीय.

२५ एप्रिल, शनिवार

काल परतलो. पूर्ण रस्ता मी चालवला. भीमेच्या पुलावर तोच पोलीस होता, मी सलाम ठोकला, तो हसला नाही.

परराज्यातून आलो म्हणून चौदा दिवस शेतातल्या शेडमध्ये राहायचं. आई बांधावर डबा ठेवून मागे सरकते, मग आम्ही उचलायचा. जेवताना ती बांधावर बसून आमच्याकडे बघत राहते. तुळजाबाई आल्या होत्या. लांबूनच दोन्ही हात जोडून उभ्या राहिल्या आणि रडल्या, मीही रडले. भावकीला आता तुतीची कलमं हवीत म्हणे. मी त्यांना म्हणाले, फुकट देऊ नका, दोन पैसे जास्तच मागा.

२६ एप्रिल, रविवार, अक्षय तृतीया

आज सगळे बांधावर आले. आंब्याचा रस आला, पुरणपोळी आली. काकासाहेब पंधरा हात लांब उभे राहून ओरडून बोलत होते, कारण वाराही होता. पलीकडच्या तीन गावांचे कोष तयार होतायत, जालना अजून बंद, त्यांनाही आमचीच गाडी पाहिजे. मी शेडच्या दारात उभी होते, ऐकून टुणकन उडी मारली.

मग काकासाहेब म्हणाले, "मच्छिंद्रा, मी चौकशी केली. दोन ड्रायव्हरची सक्ती न्हाई. येकटा बी चालतो. पोरीला काहून फिरवतो उगंच? या टायमाला तू येकटाच जा, जल्दी जाऊन जल्दी ये."

सगळे माना हलवायला लागले. कौतुकानेच हो, पोरीने एकदा केलं, बस झालं. बोलले तर वचन मोडतं. गप्प बसले तर तीन गावांचे कोष भरून आप्पा एकटे भीमेच्या पुलावर जातील. आणि ते जातील, नाही म्हणणार नाहीत, मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. मी आईकडे बघितलं. ती ताटात पोळी वाढत होती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पा खाटेवरून उठले.

"काकासाहेब, येकच ड्रायव्हर जानार. पन ती ही. मला दिसत न्हाई."

वाऱ्यात तिकडे ऐकू गेलं नाही. "काय म्हनला?" काकासाहेबांनी कानाला हात लावला.

पहिल्यांदा बोलायलाच त्यांना दोन वर्षं लागली होती. आता तेच दुसऱ्यांदा, आणखी मोठ्याने बोलायचं होतं. आप्पांनी श्वास घेतला आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडले, "मला दिसत न्हाई! दोन वर्सं झाले! गाडी राजनंदिनी चालवती!"

आईच्या हातातली पोळी तशीच राहिली. ती बांध ओलांडून आत यायला निघाली, तर दोघींनी तिला धरून ठेवलं. तिथूनच म्हणाली, "आवो, मंग मला सांगायचं न्हाई का?" तिच्या आवाजात राग असेल वाटलं होतं. राग नव्हता.

काकासाहेबांनी घसा खाकरला. मास्क वर घेतला, खाली घेतला. मग जन्मात पहिल्यांदाच आप्पांना ओलांडून मला विचारलं, "मंग नंदे, गाडी कधी काढती?"

"आठ तारखेला चौदा दिवस भरतात. नऊला पहाटे," मी म्हणाले. "आणि दवाखाने उघडले की त्याच दिवशी आप्पांना जालन्याला नेणार, तेव्हा भाडं घेणार नाही."

सगळे हसले. आप्पाही हसले. मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी अभिमानाने. फक्त मी उभी होते त्याच्या जरा डावीकडे, रिकाम्या जागेकडे बघत होते. मी दोन पावलं सरकले आणि तिथे जाऊन उभी राहिले.